सव्वा सुताचा छर्रा

महसूल खात्यात पस्तीस वर्षे बसून काढल्यावर उरलेले आयुष्य पडून काढावे, हा विचार ज्याच्या मनास कधी शिवला नाही असा अव्वल कारकून माझ्या पाहण्यात नाही. परंतु पडल्या पडल्याच धरणगावच्या रस्त्यांतून हिंडण्याचा योग ज्याच्या पत्रिकेत लिहिलेला होता, असा मात्र मी एकटाच असावा. निवृत्तीचा हुकूम हाती पडला त्याच सुमारास कमरेच्या मणक्यांनीही आपापले राजीनामे सादर केले. डॉक्टरांनी साध्या सायकलीचे सीट वर्ज्य ठरविले. आणि पहाटे उठून पायी फिरावयास जाण्याइतका सात्त्विक स्वभाव मला लाभलेला नाही. तेव्हा पुण्यास असणाऱ्या माझ्या पुतण्याने, काकांचे कल्याण व्हावे आणि आपल्या जिन्याखालची जागाही रिकामी व्हावी अशा दुहेरी सद्‌हेतूने, आपली एक तीनचाकी मालमोटारीत घालून आमच्या दारी रवाना केली.

तीनचाकी म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांसमोर मालवाहू सायकल किंवा अपंगांची हाताने फिरवायची गाडी येईल; ही त्यांतली नव्हे. हिला पुढे दोन चाके व मागे एक. मधोमध, जमिनीपासून जेमतेम दीड वितीवर, आरामखुर्चीसारखे ताणलेले कापड. त्यावर स्वाराने उताणे रेलून पाय पुढे लांबवायचे आणि पोटाच्या उंचीवर आलेली पायडले ढकलायची. हात दोन्ही अंगांना सैल सोडलेले आणि मुठींत हँडलाच्या दोन दांड्या. शेषशायी विष्णूचे चित्र ज्याने पाहिले आहे त्याला या आसनाची कल्पना येण्यास अडचण पडू नये. भेद इतकाच की तेथे पाय चुरण्यास साक्षात लक्ष्मी बसलेली असते आणि येथे पायांना स्वतःच मजुरी करावी लागते. (हा भेद आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी दाखवून दिला, आणि ‘माझ्याकडून कसली अपेक्षा ठेवू नका’ अशी पुस्तीही जोडली.)

ज्या गावातली इंग्रजांची वखार 1675 मध्ये मराठ्यांच्या फौजेने लुटली आणि जेथे 1825 मध्ये औट्रमसाहेबाने भिल्लांची पलटण उभारली, त्या गावाने आजवर पाहण्याजोगे पुष्कळ पाहिले असेल, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच सकाळी मोडली. मी बाजारपेठेत शिरलो आणि कापसाचे भाव, लग्नाच्या याद्या व शेजाऱ्याच्या बांधाची तक्रार हे तीनही विषय, जे खानदेशात सहसा एकदम थांबत नाहीत, एकदम थांबले. वाहन इतके बुटके की मागून येणाऱ्या मोटारवाल्यास दिसावे म्हणून पुतण्याने पाठीमागे एक लांब काठी बसवून तिला नारिंगी रंगाचे त्रिकोणी फडके लावले होते. मी उताणा असल्याने गर्दीतल्या मंडळींस दिसे ते एवढेच, की एक पताका कोणीही न धरता आपल्या आपण पुढे सरकते आहे. दोन ठिकाणी माणसांनी हात जोडले. एका म्हातारीने, मुक्ताईची दिंडी वाट चुकून इकडे आली की काय अशा समजुतीने, पाण्याचा तांब्या आणला, आणि पताकेखाली निवृत्त अव्वल कारकून निघाल्याचे पाहून तो तसाच परत नेला.

कुत्र्यांची गोष्ट वेगळी. साध्या सायकलीवरचा मनुष्य हा कुत्र्याच्या दृष्टीने पोटऱ्यांचा एक जोड असतो. येथे मात्र आम्ही समोरासमोर, डोळ्यास डोळा देऊन भेटत होतो. इतक्या बरोबरीच्या नात्याची त्यांनाही सवय नसावी, कारण पहिल्या दिवशी जे भुंकले ते दुसऱ्या दिवसापासून नुसतेच गंभीरपणे पाहू लागले. एखाद्या समव्यवसायीकडे पाहावे तसे.

या आसनाचा एक लाभ मात्र मी मुक्तकंठाने कबूल करीन. साध्या सायकलीवर मनुष्याला रस्ता दिसतो, खड्डे दिसतात, पुढल्या बैलगाडीचे चाक दिसते. येथे दिसते ते आकाश. आमच्या गावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांना महाराष्ट्र बालकवी म्हणून ओळखतो, ते 1890 मध्ये या धरणगावात जन्मले. त्यांचे लक्ष मेघांकडे व तारकांकडे इतके कसे गेले याचा उलगडा, शिवाराच्या कडेने पावसाळी संध्याकाळी उताणे जाताना, मला नव्याने झाला. मात्र कवीस आकाशाकडे पाहताना हँडल धरावे लागत नव्हते, आणि माझ्या सर्व कहाणीचे मूळ त्या हँडलातच आहे.

साध्या सायकलीत हँडलाची दांडी ज्या नळीतून खाली चिमट्याकडे उतरते, त्या नळीच्या वरच्या व खालच्या तोंडाशी एकेक वाटी ठोकून बसविलेली असते. वाटीत छर्रे, छर्ऱ्यांवर कोन, आणि सर्वांच्या माथ्यावर चेकनट. या दोन वाट्यांतच सायकलीचे सगळे इमान सामावलेले असते. कारण चाक फिरले नाही तर मनुष्य नुसता थांबतो, पण हँडल फिरले नाही तर तो भलतीकडे पोचतो. आता माझ्या वाहनास पुढे चाके दोन, म्हणून नळ्या दोन, म्हणून वाट्या चार. सरकारी भाषेत सांगायचे तर जे काम एका टेबलावर व्हावयाचे ते दोन टेबलांवर वाटलेले. आणि अशा कामाचे काय होते हे मी पस्तीस वर्षे जवळून पाहिले आहे.

पहिल्या पावसानंतर एके दिवशी डाव्या अंगाने ‘कट्’ असा आवाज आला. मोठा नव्हे, सुपारी अडकित्त्यात नुसती चेपावी, कातरू नये, तेवढाच. पुढे प्रत्येक खड्ड्यास तो येऊ लागला, आणि धरणगावात खड्डा हा अपवाद नसल्याने मी घरापासून चौकापर्यंत सुपारी चेपीत जाऊ लागलो. पुतण्यास फोन केला. तो म्हणाला, “काका, हेडसेटमध्ये प्ले आला असेल. थोडंसं टाइट करा. थोडंसंच हं.”

‘थोडेसे’ या शब्दाशी माझे जन्माचे वैर आहे. ज्या खात्यात मी हयात घालविली त्यात जमिनीचे माप आरांत होते, शेतसारा पैशांत होता, आणि ‘थोडीशी’ जमीन नावावर करा असा अर्ज घेऊन येणाऱ्यास आम्ही त्याच पावली परत पाठवीत असू. आवळायचे तर आवळावे, या न्यायाने मी पाना लावला आणि चेकनट हात दुखेपर्यंत आवळला. मग एका बाजूस जो न्याय तोच दुसऱ्या बाजूस म्हणून, उजव्या अंगास काही तक्रार नसतानाही, तोही तितकाच आवळला. आवाज बंद झाला. सौभाग्यवतींना मी तसे सांगितलेही. त्या काही बोलल्या नाहीत, याचा अर्थ मी तेव्हा समाधान असा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एरंडोलच्या रस्त्याला लागलो. आमच्या भागातल्या परंपरेप्रमाणे एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी. तेथे पांडववाडा आहे, आणि जवळच पद्मालयाच्या परिसरात भीमाने बकासुराचा समाचार घेतल्याची स्थळे दाखवितात. एकचक्रेस त्रिचक्रावर बसून जाणारा पहिला पुरुष म्हणून आपली कोठे तरी नोंद व्हावी, असा विचार चालला असतानाच रस्त्यास एक सौम्य वळण आले. रस्ता वळला. मी हँडल वळविले. वाहनाने मात्र, वरून आलेल्या खुलाशाकडे दुर्लक्ष करून आपल्या पहिल्या शेऱ्यावर ठाम राहणाऱ्या अधिकाऱ्याप्रमाणे, सरळ जाणेच पसंत केले. जोर लावला तेव्हा ते एकदम वळले, आणि वळले ते वळलेलेच राहिले. सरळ करावे तो दुसऱ्या बाजूस तितकेच. अशा रीतीने नागमोडी चालत, ओढ्याच्या पुराप्रमाणे दोन्ही तीरांस स्पर्श करीत, मी अखेरीस एका कपाशीच्या शेतात शिरलो आणि काळ्या मातीने मला मातेच्या ममतेने धरून ठेवले. आकाश तेवढे पूर्ववत दिसत होते.

शेताचे मालक आले. त्यांनी प्रथम पताकेकडे पाहिले, मग माझ्याकडे. “भाऊसाहेब, मोजणीले उनात का?” त्यांनी विचारले. मी होय म्हणालो असतो तर त्यांचा विश्वास बसला असता, इतकी आमच्या खात्याची कीर्ती आहे.

येथे थोडे थांबून या आसनाची एक ऐतिहासिक कैफियत नोंदविणे अवश्य वाटते, कारण कपाशीत पडल्या पडल्या मला तीच आठवत होती. पॅरिस येथे 7 जुलै 1933 रोजी फ्रान्सिस फोर नावाच्या फ्रेंच स्वाराने, जो आपल्या काळच्या अव्वल स्वारांत मोडत नव्हता, शार्ल मोशे यांनी घडविलेल्या अशाच उताण्या सायकलीवर एका तासात 45 किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले आणि 1914 पासून अबाधित असलेला ऑस्कर एगचा उच्चांक मोडला. दुय्यम स्वार, उताणा पडून, अव्वलास मागे टाकतो! सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे प्रश्न उभा राहिला, आणि तिने तो 1934 मध्ये ज्या पद्धतीने सोडविला ती वाचून माझ्यातला कारकून धन्य झाला: तिने स्वारास दोष दिला नाही, घड्याळ तपासले नाही, अंतर पुन्हा मोजले नाही, ‘सायकल’ या शब्दाची व्याख्याच अशी केली की ही सायकल सायकल राहिली नाही. आमच्या खात्यात याहून सफाईने निकाली काढलेले प्रकरण मला आठवत नाही.

गाडी बैलगाडीत घालून गावात आणली आणि मिस्तरींच्या दुकानापुढे उतरविली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि नांगर, चरक, इंजिने हा सारा पुढला पसारा त्या दुकानातून उगवला, हे महाराष्ट्रास माहीत आहे. आमच्या मिस्तरींचे दुकान मात्र सायकलीपुरतेच राहिले, आणि त्याचे त्यांना वैषम्यही नाही. नगरपालिकेचा पितळी बिल्ला सायकलीस नसला तर दंड होई, त्या काळापासून ते येथे बसतात. माझा बिल्लाही त्यांनीच तारेने बांधून दिला होता. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“भाऊसाहेब, हाई गाडी बठानी शे का झोपानी?”

मी वैद्यकीय कारणे सांगितली. ती त्यांनी ऐकली नसावीत, कारण तोवर त्यांनी पुढचा भाग विटांवर चढवून डावे चाक वरखाली धरले होते. ते चाक हलवीना. नुसते धरून, जणू नाडी पाहावी तसे, डोळे मिटून बसले. मग एक लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याचे टोक नळीस टेकविले, मूठ कानास लावली आणि चाक सावकाश डावीउजवीकडे फिरविले. मला वाटले आता निदान होईल. पण त्यांनी मान हलविली आणि दोन्ही चाकांना जोडणारी आडवी दांडी एका बाजूने सोडविली.

ही दांडी काय, आणि ती सोडविल्याखेरीज रोग का कळत नाही, हे मला त्या दिवशी समजले. पुढची दोन चाके एकाच हुकुमाने वळावीत म्हणून ती या दांडीने बांधलेली असतात. त्यामुळे एका बाजूच्या वाट्या जाम झाल्या तरी दुसऱ्या बाजूचे निर्मळ छर्रे त्यांचे ओझे ओढून नेतात, आणि बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही सारखेच मध्यम वाटतात. दांडी सुटताच उजवे चाक बोटाच्या स्पर्शाने फिरले. आणि डावे, मागल्या टेबलावरच्या त्या इसमाप्रमाणे, ज्याचे काम वर्षानुवर्षे शेजारचा करीत असतो, जागचे हलेना. उजव्या बाजूसही मी आवळताना कसूर केली नव्हती, तरी ती अशी मोकळी कशी, असे मी विचारले. मिस्तरींनी तिचा चेकनट दाखविला. त्याच्या जुन्या आट्यांनी माझा जुलूम झुगारून तो केव्हाच आपल्या मूळ जागी परतला होता.

त्या वळणाचा न्यायही सांगण्याजोगा आहे. वळताना आतले चाक लहान वर्तुळात जाते आणि बाहेरचे मोठ्या. म्हणून आतल्यास अधिक वळावे लागते, आणि तसे ते वळेल अशी दांड्यांची मांडणी असते. ही युक्ती म्युनिकच्या लँकेन्सपर्गर या गाडीकारागिराची. परंतु 1818 मध्ये लंडनला तिचे पेटंट त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमान यांनी घेतले, आणि आज जगातली प्रत्येक मोटार वळते ती आकरमानच्या नावाने. ज्याच्या नावावर सातबारा त्याची जमीन. कसणारा कोण होता हे विचारावयास पुढे कोणी येत नाही. पस्तीस वर्षे मी लोकांना हेच समजावीत होतो.

डावी वाटी उघडली. ग्रीस म्हणून जे आत भरलेले असते त्याच्या जागी तांबूस-काळा चिखल निघाला. वरची वाटी त्या मानाने निष्कलंक. खालची मात्र चाकाने उडविलेले पाणी, काळ्या मातीची धूळ आणि स्वाराचे वजन, तिन्ही एकटी सोशीत आलेली. मिस्तरींनी ती रॉकेलात धुतली, फडक्याने पुसली आणि उजेडाकडे धरून मला म्हणाले, “बोट फिराडा.” मी बोट फिरविले. आरशासारख्या गुळगुळीत पोलादात ठरावीक अंतरावर बारीक खळगे लागले. ज्वारीच्या दाण्याने मेणात खूण करावी तसे.

या खळग्यांस स्वीडनच्या ब्रिनेल या अभियंत्याच्या नावाने ओळखतात. कारण धातूवर पोलादी गोळी दाबून तिची खूण किती मोठी उमटते यावरून त्या धातूचा कठीणपणा ठरविण्याची रीत त्याने 1900 मध्ये जगापुढे मांडली. मात्र हँडलाच्या वाटीतले खळगे केवळ दाबाने पडत नाहीत, ते सवयीने पडतात. चाक हजारो वेळा पूर्ण फिरते, म्हणून त्याचे छर्रे सगळीकडे हिंडतात व ग्रीसही आपल्याबरोबर फिरवितात. हँडल मात्र दिवसचे दिवस सरळच असते, फार तर अंगुळभर इकडे, अंगुळभर तिकडे. प्रत्येक छर्रा आपल्या एकाच जागी डुलत राहतो, त्याच्या खालचे ग्रीस बाजूस सरते, धातूवर धातू घासतो, आणि होता होता प्रत्येकाचे आपापले बैठकीचे ठिकाण तयार होते. मग हँडल वळवू म्हटले तरी छर्रा आपल्या खळग्यातून उठू इच्छीत नाही. उठलाच तर पुढल्या खळग्यात जाऊन बसतो. माझ्या खात्यातल्या जुन्या खुर्च्यांच्या वेताचा आकारही असाच प्रत्येकाच्या मापाने खचलेला असे. बदली होऊन आलेला नवा मनुष्य तीत बसला की पहिले सहा महिने त्याला जुन्या माणसासारखेच बसावे लागे.

“आवळनं कोनी?” मिस्तरींनी विचारले. खळग्यात जो छर्रा आधीच रुतलेला, त्याला मी चेकनटाने वरून चिरडला होता. मी त्यांना सांगितले की पुतण्याने फोनवरून सूचना दिली होती. हे खोटे नव्हते.

वाटी नवी मिळेतोवर जुनीवर काम चालविण्याची एक युक्ती मिस्तरींपाशी होती. जुने छर्रे पत्र्याच्या जाळीत अडकविलेले होते, वीस. जाळीमुळे त्यांचे परस्परांतले अंतर ठरलेले, आणि खळग्यांचेही तेच. त्यांनी जाळी फेकून दिली आणि सुटे छर्रे घेतले. पाव इंचाचे निम्मे म्हणजे एक सूत. हे छर्रे इंचाच्या बत्तिसाव्या भागांनी मोजले तर पाच, म्हणजे हिशेबाने सव्वा सूत. ग्रीसचा जाड थर लावून त्यांनी ते एकेक करून, मोत्यांची नथ गुंफावी तसे, वाटीत रोवले. तेवीस मावले. संख्या बदलली, तेव्हा अंतर बदलले. आता सगळे छर्रे जुन्या खळग्यांत एकाच वेळी बसू शकत नव्हते. दोन खळग्यांत, तर बाकीचे कड्यांवर. बदल्यांचा हुकूम एकदम निघाल्यावर कचेरीत जी खळबळ होते ती मला त्या वाटीत स्पष्ट दिसली.

परंतु चोविसाव्यास जागा दिसत होती. अगदी त्याच्या मापाची. मी पुडीतून एक छर्रा उचलून पुढे केला.

“नही, भाऊसाहेब. येक उराले जोयजे. त्याबिगर बाकीना फिरतीन कसा?”

मग त्यांनी कोन बसविला, वरची वाटी हाताने टेकेपर्यंत फिरविली आणि तेथून उलटी, घड्याळातले पाच मिनिटांचे अंतर असेल इतकीच, सैल केली. एका पातळ पान्याने वाटी जागच्या जागी धरून दुसऱ्याने चेकनट बसविला, कारण चेकनट आवळताना वाटीही त्याच्याबरोबर लबाडीने फिरते. चाक धरून पाहिले. ढिल. पुन्हा सोडले, केसभर फिरविले, पुन्हा धरले. जाम. असे त्यांनी सात वेळा केले. मधल्या काळात दोन पोरांच्या पंक्चरी काढून झाल्या, चहा आला, त्यांच्या भाचीच्या लग्नाच्या पंगतीत वांग्याचे भरीत किती घमेली लागले याचा हिशेब झाला. आठव्या खेपेस त्यांनी चाक सोडले, ते आपले आपण किंचित सरकून थांबले, आणि मिस्तरी म्हणाले, “आते बस.” काय पाहून म्हणाले, हे मी विचारले. त्यांनी खूप विचार करून सांगितले, की काही पाहिले नाही. शेवटी आडवी दांडी जोडून पुढच्या चाकांमधले अंतर दोरीने पुढून व मागून मोजले. पुढून ते मागल्याहून एखाद्या मिलिमीटराने कमी ठेवले. मजुरी घेतली चाळीस रुपये, आणि त्यातूनही पाच परत करू लागले, कारण वाटी जुनीच होती.

चोविसावा छर्रा माझ्या मुठीतच राहिला होता. जमा आहे आणि खर्ची पडलेला नाही, असा कोणताही जिन्नस टाकून देणे माझ्या स्वभावात नसल्याने मी तो घरी आणून पानाच्या डबीत ठेवला.

दीड महिना निर्वेध गेला. एकचक्रेस जाऊन आलो. वळणे सर्व आली व सर्व घेतली. आणि मग भाद्रपदात, धरणगावच्या वेशीपाशीच, उजव्या अंगाने ‘कट्’ असा आवाज आला. सुपारी चेपावी तेवढाच. या खेपेस मी शहाणा होतो. पान्यास हात लावला नाही. गाडी तशीच मिस्तरींच्या दारी नेली, विटा लावल्या, दांडी सोडविली. त्यांनी उजवे चाक धरले, डावे धरले, स्क्रूड्रायव्हर कानास लावला, चारही वाट्यांपाशी एकेकदा ऐकले, आणि मला पुन्हा गाडीत झोपावयास सांगून दुकानापुढल्या खड्ड्यातून ती दोनदा ढकलली. कट्. कट्. मग ते वाकले, माझ्या सदऱ्याच्या उजव्या खिशातून पानाची डबी काढली आणि कानापाशी हलविली.

“हाऊ आवाज गाडीना नही,” ते म्हणाले, आणि मजुरी घेईनात.

छर्रा हल्ली एका लिफाफ्यात असून वर माप, तारीख व ‘शिल्लक नग एक’ असा शेरा घातला आहे. लिफाफा मी दप्तरात ठेवला. डबी सौभाग्यवतींनी आपल्या ताब्यात घेतली.